गावरान कोंबड्यांच्या घरगुती खाद्यपात्रातून दाणा सांडतो, अडतो, बुरसतो: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

लक्षणे

पंधरा कोंबड्यांना महिनाभर पुरायला हवे असे ५० किलोचे पोते अठरा-वीस दिवसांतच तळाला लागते. पात्राखाली भरड्याचा थर साचतो, कोंबड्या तो तुडवतात आणि त्यावरच शिटतात. कधी याच्या उलट घडते: वरचा डबा भरलेला असतो, खालची परात मात्र कोरडी असते आणि कोंबड्या डब्यावर चोची आपटत राहतात. सकाळी पात्राच्या कडेला काळ्या लेंड्या दिसतात. झड लागली की तळाशी खाद्याचे ढेकूळ बनते आणि त्याला आंबूस वास येतो. दोन-चार कोंबड्या चांगल्या भरलेल्या असतात, बाकीच्यांच्या छातीचे हाड हाताला धारदार लागते, आणि अंडी हळूहळू कमी होत जातात.

तेलाचा डबा, रंगाची बादली किंवा नळकामाचा ४ इंची पाइप वापरून केलेली अशी पात्रे मी आमच्या भागात सतत दुरुस्त करत आलो आहे. माझा अनुभव असा, की मालक पात्राला दोष देतो, नवे पात्र बनवतो किंवा खाद्याचा ब्रँड बदलतो, आणि तक्रार तशीच राहते. बहुतेक वेळा पात्र ठीक असते. त्याची उंची, त्यात भरायचे प्रमाण किंवा ठेवण्याची जागा चुकलेली असते. या तीन गोष्टी सुधारायला पैसे लागत नाहीत, म्हणून त्या आधी पाहाव्यात.

आधी हिशेब, मग दुरुस्ती

अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. दिवसभर उकिरडा, सांदवाडी (घरामागची परसबाग) आणि धुरे (शेताचे बांध) पालथे घालून येणारी गावरान कोंबडी पात्रातून त्याहून कमी खाते. म्हणजे बंदिस्त पंधरा कोंबड्यांना रोज पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य लागणे स्वाभाविक आहे. त्याहून बरेच जास्त जात असेल, तर वरचे खाद्य कुठे जाते ते शोधावे लागेल.

शोधण्याची सोपी रीत अशी. संध्याकाळी कोंबड्या चढल्यावर पात्रातले खाद्य तोलावे, पात्र जागेवरच ठेवावे आणि पहाटे कोंबड्या उतरण्याआधी पुन्हा तोलावे. रात्री कोंबड्या खात नाहीत, त्यामुळे जेवढी घट दिसेल तेवढी उंदीर-घुशींची. पात्राभोवती चुलीची चाळलेली राख हातभर रुंद पसरून ठेवली तर पावलांचे ठसेही मिळतात. रात्रीची घट नगण्य असेल आणि दिवसाची मोठी असेल, तर दोष सांडण्याचा किंवा बाहेरच्या पाखरांचा आहे. ही तपासणी वगळू नये, कारण पुढचे दोन्ही मार्ग वेगळे आहेत आणि उंदरांचा उपाय सांडण्यावर चालत नाही.

परात किती भरते

परात काठोकाठ भरलेली असणे हे नासाडीचे सर्वांत मोठे कारण आहे. कोंबडी चोचीने खाद्य बाजूला सारून त्यातला आवडीचा कण शोधते. काठापर्यंत भरलेल्या परातीत बाजूला सारलेले खाद्य थेट जमिनीवर पडते. खाद्य परातीच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंतच असावे. हाताने भरायच्या लांब पन्हाळीसारख्या पात्रात हे सोपे आहे: एकदा काठोकाठ भरण्याऐवजी दिवसातून दोनदा थोडे थोडे टाकावे.

डब्याच्या पात्रात ही पातळी तुमच्या हातात नसते, ती छिद्रे ठरवतात. डब्याच्या बुडाशी पाडलेल्या छिद्राची वरची कड जिथे असते, जवळपास तिथपर्यंत खाद्य परातीत चढते. म्हणून छिद्राची वरची कड परातीच्या अर्ध्या खोलीच्या खालीच राहिली पाहिजे. छिद्रे आधीच उंच पाडली गेली असतील तर डबा फेकू नये. अधिक खोल परात घ्यावी किंवा छिद्राच्या वरच्या भागावर पत्र्याची पट्टी रिव्हेटने बसवावी. परात डब्यापेक्षा सर्व बाजूंनी दोन ते तीन इंच रुंद असावी. त्याहून रुंद परातीत कोंबड्या सरळ आत उभ्या राहतात.

काठाची उंची

पात्राच्या काठाची उंची सर्वांत लहान प्रौढ कोंबडीच्या पाठीइतकी असावी. कोंबडीला मान किंचित लांबवून खावे लागले, की तिला पायाने उकरता येत नाही आणि चोचीने खाद्य बाहेर ओढणेही अवघड होते. जमिनीवर ठेवलेली परात म्हणजे तिच्या दृष्टीने उकिरडाच, तो ती उकरणारच. दोन विटा सरकवून उंची साधता येते, टांगलेल्या पात्राची साखळी एक-दोन कड्यांनी वर घेता येते. पिल्ले वाढत असतील तर ही उंची दर आठवड्याला पाहावी लागते, आणि बहुतेक घरांमध्ये नेमके हेच राहून जाते.

लहान पिल्लांना मोठ्यांच्या पात्रावर सोडू नये. उंचीचा प्रश्न तर आहेच, पण अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्क्यांपर्यंत असते आणि ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पिल्लांचे पात्र गजांच्या आड, फक्त तीच आत शिरू शकतील अशा कोपऱ्यात ठेवावे.

कोंबडी निवडते का, हे पाहा

पातळी आणि उंची दोन्ही ठीक करूनही सांडणे थांबत नसेल, तर पात्रासमोर थोडा वेळ बसून कोंबड्या काय करतात ते पाहावे. सांडलेल्या थरात बारीक पीठ आणि ढेपेची भुकटी जास्त, मक्याचे तुकडे जवळजवळ नाहीत, असे दिसले तर खाद्य एकसारखे दळलेले नाही. आपल्याकडे घरचे खाद्य म्हणजे मका किंवा ज्वारी, तुरीची चुनी, कणकी, कोंडा आणि थोडी ढेप असे मिश्रण असते. त्यात अख्खा दाणा आणि पीठ एकत्र असले की कोंबडी दाण्यासाठी पीठ उडवते. यात दोन नुकसाने होतात. खाद्य वाया जाते ते डोळ्यांना दिसते. पण प्रथिने आणि खनिजे बहुधा त्या पिठातच असतात, त्यामुळे पोट भरूनही कोंबडी अशक्त राहते, हे दिसत नाही.

उपाय असा की पात्रात फक्त जाडसर, एकसारखा भरडा ठेवावा आणि अख्खी ज्वारी किंवा मका द्यायचाच असेल तर तो संध्याकाळी वेगळा, जमिनीवर मूठभर उधळून द्यावा. उकरण्याची हौस तिथे भागते आणि संध्याकाळी कोंबड्या आपोआप खुराड्याकडे परततात, हा वरचा फायदा. परातीच्या काठाला आतल्या बाजूस अर्धा-पाऊण इंच वळवलेली कड दिली, किंवा डब्यापासून काठापर्यंत जाड तारेच्या आडव्या काड्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बसवल्या, तर चोच बाजूला फिरवून खाद्य उडवणे जवळपास थांबते. काड्यांची टोके वळवून घ्यावीत. उघड्या टोकाने कोंबडीचा डोळा जाऊ शकतो.

जागा

विदर्भात पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्य दिशेने येतो आणि उन्हाळ्यातले दुपारचे तापदायक ऊनही पश्चिमेकडूनच येते. त्यामुळे शेडच्या किंवा गोठ्याच्या पूर्व अंगाला, पत्र्याच्या वळचणीपासून किमान तीन फूट आत ठेवलेले पात्र दोन्ही ऋतूंत टिकते. वळचणीखाली ठेवलेल्या पात्रात पावसाचे थेंब सरळ पडत नसले, तरी जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे परातीत जातात. भरडा एकदा ओला झाला की पावसाळी हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो.

पात्राच्या डोक्यावर बसायची काठी नको. रात्रभराची विष्ठा खाद्यात पडते आणि त्यातून रक्ती हगवण आणि जंत पसरतात. डब्याच्या झाकणावरही कोंबड्या बसतात, म्हणून झाकण सपाट न ठेवता टिनाच्या तुकड्याचे उतरते टोपण बसवावे. पाण्याचे भांडे चार-पाच फुटांवर असावे. त्याहून जवळ असेल तर कोंबडी ओल्या चोचीने परत येऊन भरडा भिजवते; फार दूर असेल तर दुबळ्या कोंबड्या एकदा पाण्यावर गेल्या की परत पात्रावर येत नाहीत. भिंतीला चिकटवून पात्र ठेवू नये, कारण उंदीर उघड्यावर धावण्यापेक्षा भिंतीच्या कडेने चालणे पसंत करतात.

उन्हाळ्यात एक वेगळी तक्रार येते: पात्र भरलेले आहे, कोंबड्या खात नाहीत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि टिनाच्या शेडमध्ये दुपारी माणूसही थांबू शकत नाही. अशा उष्णतेत कोंबडी अंगातली उष्णता वाढू नये म्हणून खाणे टाळते. पात्रात बिघाड शोधण्यात अर्थ नाही. एप्रिलपासून नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरेपर्यंत खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना द्यावे आणि दिवसा पात्र कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत हलवावे.

जंगलालगतच्या गावांत पात्र कुंपणाच्या कडेला ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. कोंबडी, तितर, लावा, रानकोंबडा आणि मोर ही सगळी एकाच कुळातली पाखरे आहेत, त्यामुळे आपला भरडा त्यांनाही आवडतो. मोर आला की घरच्यांना कौतुक वाटते, पण दोन्हीकडचे रोग एकमेकांना लागतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा रानपाखरांना पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे, म्हणून त्यांना पात्राची सवय लागू न देणेच योग्य. चिमण्या, होले आणि साळुंक्या यांच्यासाठी पात्र शेडच्या आत घेऊन दारावर जाळी लावणे पुरते.

डबा भरलेला, परात रिकामी

भरडा सरळ उभ्या भिंतींच्या डब्यात दाबला जाऊन आतल्या आत कमान धरतो. डब्याला बोटाने ठोकल्यावर खाद्य धबकन खाली आले तर हेच कारण. पहिला उपाय म्हणजे डबा एकदम न भरता दोन दिवसांचेच खाद्य टाकणे. वजन कमी, दाब कमी. कोंड्याचे प्रमाण जास्त असेल तर ते घटवावे, कारण कोंडा हवेतली ओल धरतो. तरीही अडत असेल तर परातीच्या मध्यभागी, डब्याच्या आत, एक लहान वाटी उलटी करून पक्की बसवावी, म्हणजे मधले खाद्य उताराने छिद्रांकडे सरकते. टांगलेले पात्र चोचींच्या धक्क्याने हलत राहते आणि खाद्य अडत नाही, हा टांगण्याचा मोठा फायदा आहे. मात्र एकाच तारेवर टांगले तर ते इतके झुलते की परात सांडते. वरच्या काठाला तीन ठिकाणी तारा घेऊन त्या एका कडीत अडकवाव्यात.

पाइपच्या पात्रात अडचण जवळपास नेहमी काटकोनी बेंडमध्ये असते. तिथे ४५ अंशांचा बेंड घ्यावा आणि तो सोल्यूशनने चिकटवू नये, नुसता घट्ट बसवावा, म्हणजे दर आठवड्याला काढून धुता येतो. ३ फूट लांबीच्या ४ इंची पाइपात साधारण साडेचार ते साडेपाच किलो खाद्य मावते. पावसाळ्यात तेवढे भरून ठेवू नये, कारण तळातले जुने खाद्य कधी बुरसले ते वरून दिसत नाही. माझे स्पष्ट मत असे की पाइप अख्ख्या दाण्यासाठी चांगला आणि भरड्यासाठी सुमार आहे.

काही कोंबड्या उपाशी राहतात

लांब पात्रावर प्रत्येक मोठ्या कोंबडीला चार ते पाच इंच जागा लागते. पण जागा मोजूनही दुबळ्या कोंबड्या मागे राहतात, कारण दांडगी कोंबडी पात्राजवळ राखण करते. एक मोठे पात्र काढून त्याऐवजी दोन लहान पात्रे अशा ठिकाणी ठेवावीत की एकाजवळून दुसरे दिसणार नाही. एवढ्याने बहुतेक कळप आठवडाभरात सावरतो.

खाद्यच बिघडलेले असेल तर

इथपर्यंत सर्व ठीक निघाले आणि तरीही कोंबड्या खाद्य टाळत असतील किंवा अंडी घटत असतील, तर पोते तपासावे. मूठभर खाद्य हातात घट्ट दाबावे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर त्यात ओल आहे. मक्याचा दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. साठवणीच्या मक्यात ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी येते, आणि मका व शेंगदाण्याच्या ढेपेवरची पिवळसर-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर परिणाम करते आणि उन्हात वाळवून किंवा भाजून ते पुरेसे नष्ट होत नाही. बुरसलेले खाद्य ‘गुरांना घालू’ म्हणून ठेवू नये. दुभत्या गाईच्या दुधातही त्याचा अंश उतरतो.

आपल्या भागात तीन गोष्टी खाद्यात सहज शिरतात. पहिली, कच्चे सोयाबीन: त्यातला एक घटक प्रथिनांचे पचन रोखतो, म्हणून नीट भाजल्याशिवाय ते देऊ नये. दुसरी, सरकीची ढेप: तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी होतो, आणि गिऱ्हाईक अंडे नासके समजून परत करते. तिसरी आणि सर्वांत घातक, पेरणीतून उरलेले औषध लावलेले बियाणे. लाल, निळे किंवा हिरवे रंगवलेले बी कितीही धुतले तरी कोंबड्यांना घालू नये. बीजप्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या थायरमने अंड्यांची कवचे मऊ पडतात आणि पिल्लांचे पाय वाकतात. भंडारा-गोंदियाकडे धानाचा कोंडा स्वस्त मिळतो, पण त्यात तेल जास्त असल्याने तो उन्हाळ्यात लवकर खवट होतो, थोडाच आणावा.

पात्र कशाचे केले आहे, हेही याच टप्प्यावर विचारतो. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही साबणाने धुतलेला असो, तो पात्रासाठी चालत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीने शेतकरी आणि मजूर दगावले, त्या औषधांची ताकद आपल्याला माहीत आहे, आणि मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला पाखरे माणसापेक्षाही लवकर बळी पडतात.

उंदीर आणि घुशी

हा टप्पा शेवटी ठेवला, कारण यात खर्च आणि मेहनत सर्वांत जास्त आहे. स्वस्त उपाय एकच: पात्र रात्री झाकणाच्या पिप्यात बंद करायचे आणि सांडलेले झाडून घ्यायचे. हे नियमाने केले तर बहुतेक घरी पुढचे काही करावे लागत नाही. रोज जमणार नसेल तर शेडच्या भिंतीच्या बुडाशी जाळी बसवावी. अर्ध्या इंचाची जाळी मोठ्या उंदरांना अडवते, पण चिचुंद्री आणि लहान उंदीर पाव इंचाच्या जाळीशिवाय अडत नाहीत. जाळी जमिनीत फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवावी, नाहीतर घूस खालून पोखरते.

कोंबडीच्या वजनाने उघडणारे पायदाबाचे पात्र हल्ली व्हिडिओ पाहून बरेच जण बनवतात आणि ‘उघडतच नाही’ म्हणून माझ्याकडे आणतात. त्या व्हिडिओंमधल्या कोंबड्या दोन किलोंच्या वर असतात. आपली गावरान तलंग (अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी) एक ते दीड किलोची. फळी ८०० ते ९०० ग्रॅमवर खाली जाईल असे मागचे वजन कमी करावे आणि पहिले काही दिवस फळी खाली बांधून झाकण उघडे ठेवावे, म्हणजे कोंबड्यांना सवय होते. दांडगी घूस हे झाकणही कधी कधी उघडते. पिल्ले असतील तिथे हे पात्र लावू नये, झाकणात मान अडकते.

उंदरांचे विष खुराड्याच्या आसपास टाकू नये. झिंक फॉस्फाइडचे आमिष कोंबडी स्वतः खाते, आणि विष खाऊन मेलेला उंदीरही ती टोचते.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

उंदरांमागोमाग साप येतो. पात्राखाली, विटांच्या फटीत किंवा कोंड्याच्या पोत्यामागे नाग किंवा घोणस दिसली तर काठी शोधू नये. दार उघडे ठेवून दूर व्हावे आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवावे. टिनाच्या शेडमध्ये बल्बची वायर उघडी असेल आणि पत्र्याला किंवा टांगलेल्या साखळीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वीज मेन स्विचवरून बंद करून वायरमन येईपर्यंत आत जाऊ नये.

एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, माना वाकड्या झाल्या, हिरवी किंवा रक्ताची हगवण लागली, तुरे निळे पडले किंवा डोके सुजले, तर पात्राची दुरुस्ती तिथेच सोडावी. मानमोडी (राणीखेत), बर्ड फ्लू आणि विषबाधा यांतला फरक घरी ओळखता येत नाही. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळल्यापासून अशा सामूहिक मरतुकीची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्याला देणे महत्त्वाचे झाले आहे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. मेलेली कोंबडी चिरून पाहू नये, कुत्र्यांना टाकू नये, उघड्या हाताने उचलू नये. डॉक्टर येईपर्यंत उरलेल्या कोंबड्या बंदिस्त ठेवाव्यात आणि विक्री थांबवावी.

खाद्याचा संशय असेल तर पोते फेकण्याआधी वरून, मधून आणि तळातून मिळून अर्धा किलो खाद्य काढून ते कागदी किंवा कापडी पिशवीत ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी वाढते आणि तपासणीचा निष्कर्ष चुकतो. पोत्यावरची चिठ्ठी, खरेदीची पावती आणि खाद्य सुरू केल्याची तारीख त्या पिशवीसोबत डॉक्टरांच्या हाती द्यावी.